आत्यांच्या सहीशिवाय टाकी बांधता येईल, जमीन देता येणार नाही

प्रश्न : आमची वाडी माण तालुक्यात आहे. एप्रिल लागला की टँकर सुरू होतो. जलजीवन मिशनमधून पाण्याची टाकी मंजूर झाली आणि सगळ्यात उंच जागा निघाली ती आमच्या भावकीच्या सामाईक गटात. गट ५२ गुंठ्यांचा, टाकीला हवेत ४ गुंठे. आजोबा १९८७ साली गेले. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. तिन्ही मुलग्यांच्या घरांनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र लिहून दिलं, नोटरी केली. ग्रामपंचायतीने जागा स्वीकारल्याचा ठराव केला. आता तलाठी म्हणतात, यावर सातबाऱ्याला नोंद होत नाही. ग्रामसेवक म्हणतात, ठराव झालाय, आमच्या दप्तरी घेतो, काळजी नको. चुलतभाऊ म्हणतो, मग पंचायतीच्या नावे हक्कसोडपत्र करून टाकू. आत्यांना कुणी विचारलेलं नाही. थोरली हयात आहे, धाकटी गेली, तिची मुलं मुंबईत असतात. त्यांना यात घेतलं तर उरलेल्या रानातही हिस्सा मागतील, अशी घरात भीती आहे. काय करावं?

उत्तर : नमस्कार दादा. वाडीच्या पाण्यासाठी भावकी स्वतःच्या रानातली जागा द्यायला तयार झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. महसूल खात्यात आयुष्य गेलं. बांधाच्या वीतभर मातीसाठी कोर्टात म्हातारी झालेली माणसं रोज पाहिली. त्यामुळे तुमचं हे देणं मोडू नये असं फार वाटतं, आणि म्हणूनच सगळं स्पष्ट लिहिते.

तुमचे तलाठी बरोबर बोलतात. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तुम्ही तलाठी लिहिलंत, मीही तेच लिहिते.) जमीन फुकट द्यायची तर ते बक्षीसपत्र. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १२३ सांगतं की स्थावर मालमत्तेचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं. त्यावर देणाऱ्याची सही हवी आणि किमान दोन साक्षीदार हवेत. नोटरीने फक्त तुमची सही तुमचीच असल्याचं पाहिलं. त्या शिक्क्याने मालकी एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. संमतीपत्रावर कंत्राटदार काम सुरू करेल, टाकी उभी राहील, नळालाही पाणी येईल. जमीन मात्र होती तिथेच, तुमच्या सगळ्यांच्या नावावर राहील.

ठरावाचंही तसंच. तो पंचायतीचा कागद आहे, म्हणजे घेणाऱ्याचा होकार. त्याची गरज आहेच, कारण बक्षीस देणारा हयात असतानाच स्वीकारावं लागतं, नाहीतर ते रद्द ठरतं. पण घेणाऱ्याच्या होकाराने देणं कसं होईल?

नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगते, गावाचं नाव घेत नाही. शाळेच्या मैदानाची जागा एका आजोबांनी तोंडी दिली होती. पंचायतीने ठराव केला, पेढे वाटले. तीसेक वर्षांनी नातवाने तारेचं कुंपण घातलं. मी पंचनाम्याला गेले तेव्हा मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहून प्रार्थना म्हणत होती. हेडबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ठरावाची नक्कल काढून दिली. कागद घडीवर फाटलेला, खाली अकरा सह्या. सगळ्या पंचांच्या. ज्याने जमीन दिली त्याचा अंगठासुद्धा नव्हता. आजोबा दिलेल्या शब्दाला पक्के होते, नातवाच्या हातात सातबारा होता, आणि मला पंचनाम्यात सातबाराच लिहावा लागला. तुमच्या टाकीचं असं होऊ नये.

आता हक्कसोडपत्र. चुलतभावाला हे सुचलं ते स्वस्त पडतं म्हणून, आणि गावोगाव हीच चूक होते. हक्कसोडपत्र सहहिस्सेदारांमध्ये होतं. बहिणीने भावासाठी, भावाने भावासाठी आपला हिस्सा सोडायचा. ज्याचा त्या गटात आधीपासून हिस्सा आहे त्याच्याच पदरात तो पडतो. ग्रामपंचायत तुमची सहहिस्सेदार नाही. वर ‘हक्कसोडपत्र’ असं लिहिलं तरी आत बक्षीसच असेल, आणि मुद्रांकही बक्षिसाचाच धरला जाईल. नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस देताना २०० रुपयांच्या मुद्रांकाची जी सवलत आहे, ती घरातल्या माणसांपुरती. पंचायतीला देताना लागू नाही. किती मुद्रांक लागेल हे सही करायच्या आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून ठरवून घ्या. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये तशी सोय आहे. आणि हा खर्च पंचायत करेल असं ठरावातच लिहून घ्या. जमीन तुम्ही द्यायची आणि मुद्रांकही तुम्हीच भरायचा, हे बरं नाही.

खरा प्रश्न आत्यांचा आहे, तिथे मी जास्त वेळ घेणार.

तुम्ही पाठवलेला उताऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला. आजोबांच्या नावाच्या जुन्या फेरफारात ‘एकुमॅ’ असा शेरा आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्यांच्या एकट्याची म्हणून लागलेली नव्हती, घरातला कर्ता म्हणून त्यांचं नाव लागलं होतं. ते गेल्यावर वारसनोंद झाली ती तीन मुलग्यांची. मुलींची नावं गाळली. त्या काळात हे सर्रास व्हायचं. ‘मुली दिल्या घरी सुखी आहेत’ असा जबाब घेतला की नोंद मंजूर. मीही तसल्या नोंदी पाहिल्या आहेत आणि आज त्याचं वाईट वाटतं.

पण नाव गाळलं म्हणून हक्क गेला नाही. सातबारा आणि फेरफार हे महसुली कामाचे कागद. त्यांनी मालकी जन्मत नाही, मरतही नाही. मुलींना हक्क २००५ पासून मिळाला, असा समज पसरलाय तो अर्धाच खरा. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा आहे. वडिलांच्या वाट्याच्या मिळकतीत मुलगी तेव्हापासून पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलग्याच्या आणि आईच्या बरोबरीने. आजोबा १९८७ साली गेले त्या दिवशीच आत्यांना त्यांच्या वाट्यात हिस्सा मिळाला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलग्यासारखीच हिस्सेदार, झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. तुमच्याकडे नोंदणीकृत वाटप झालेलं नाही, गट आजही सामाईक आहे. किती आणेवारी कुणाची ते वकील मांडून देतील. आत्यांचा त्यात वाटा आहे, हे मी आत्ताच सांगते. धाकट्या आत्याचा वाटा तिच्या मुलांकडे आला, आणि तिचे यजमान हयात असतील तर त्यांच्याकडेही.

मग तीन घरांनी आपापल्यापुरतं दिलं तर चालेल का, असं विचाराल. नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला अविभक्त हिस्सा बाकीच्या सहदायादांच्या संमतीशिवाय बक्षीस देताच येत नाही. १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो नियम पुन्हा पक्का केलाय. आपल्या मुंबई इलाख्यात असा हिस्सा विकता येतो, पण फुकट देता येत नाही. आणि समजा, मिळकत तशी नाही, हिस्सा ज्याच्या त्याच्या स्वतःच्या हक्काचा आहे. तरी पंचायतीला मिळणार तो ५२ गुंठ्यांतला एक न दाखवता येणारा अंश. टाकीला पाया लागतो, आणि तो ठरलेल्या जागीच घ्यावा लागतो. अविभक्त हिश्श्यावर कसा घेणार?

घरातल्या भीतीबद्दल खरं तेच सांगते, तुम्हाला आवडणार नाही कदाचित. वारसनोंद दुरुस्त झाली की आत्यांची नावं सगळ्या गटाला लागतील, फक्त टाकीच्या ४ गुंठ्यांना नाही. हे टाळून टाकीचा दस्त पक्का करायची वाट मला माहीत नाही, आणि माहीत असती तरी सांगितली नसती. उरलेल्या ४८ गुंठ्यांत त्या वाटा मागतील की नाही, हे त्यांनी ठरवायचं. मागितला तर तो तुमच्या खिशातला नाही, त्यांच्या बापाचा आहे. टाकीच्या नावाखाली त्यांच्याकडून अख्ख्या गटाच्या कोऱ्या कागदावर सह्या घेऊ नका. कुणीतरी हे सुचवेल, बहुतेक दस्तलेखकच. त्याला नाही म्हणा.

माझा अनुभव मात्र वेगळा आहे. माहेरच्या वाडीला पाणी येतंय आणि त्यासाठी आपली सही लागते म्हटल्यावर आत्या सहसा नाही म्हणत नाहीत. राग येतो तो न विचारल्याचा. ज्या बाईने लहानपणी त्याच माळावरून डोक्यावर हंडा आणला असेल, तिला फोनवर ‘जरा आधार कार्ड पाठव’ एवढंच सांगणं बरं दिसतं का? तुम्ही आणि चुलतभाऊ दोघं जा तिच्याकडे. सोबत उतारा घ्या, जुन्या फेरफाराची नक्कल घ्या. ती तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळेल, स्कॅन झाली असेल तर ऑनलाइनही निघेल. तिला वाचून दाखवा की तुझं नाव इथे लागायला हवं होतं, राहून गेलं, आता लावतोय.

पुढचं त्या मानाने सरळ आहे, फक्त क्रम चुकवू नका. आधी वारसनोंद. थोरल्या आत्याचं नाव, धाकटीच्या वारसांची नावं. त्याच फोटोत दुसऱ्या काकांच्या नातवापुढे ‘अपाक आई’ (अज्ञान पालक आई) असं आहे, म्हणजे तो अज्ञान, १८ वर्षांखालचा, होता तेव्हाची नोंद. तुम्ही लिहिलंय तो आता कामाला लागलाय. मग वयाचा दाखला देऊन तो शेरा कमी करा, नाहीतर दुय्यम निबंधकाच्या टेबलावर अज्ञानाच्या जमिनीला न्यायालयाची परवानगी कुठे आहे, असा प्रश्न येईल आणि अख्खी भावकी परत फिरेल.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचा इकराराचा (कर्जापोटी जमीन लावून दिल्याच्या लेखाचा) बोजा आहे, धाकट्या काकांच्या पीककर्जाचा. हा किरकोळ समजू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे इकरार केलेली जमीन कर्ज फिटेपर्यंत सभासदाला हस्तांतरित करता येत नाही, केली तर ते हस्तांतरण निरर्थक ठरतं. कर्ज फेडून बोजा उतरवा, नाहीतर सोसायटीकडून ते ४ गुंठे लेखी मोकळे करून घ्या. सचिव ओळखीचे आहेत म्हणून तोंडी चालवू नका.

मग मोजणी. ‘माळावरची वरची बाजू’ असं दस्तात लिहून भागत नाही. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करा, ४ गुंठ्यांचा तुकडा नकाशावर येऊ द्या, चारी दिशांना काय आहे ते मापासकट लिहा. तुमच्या चुलतभावाने ‘टाकीला हो म्हणालो, रस्त्याला नाही’ असा मुद्दा काढलाय असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. त्याचं चुकलेलं नाही. टाकीपर्यंत जायला वाट लागणारच. दुरुस्तीची गाडी वर चढणार, पाइप जमिनीखालून जाणार. ती वाट किती फुटांची, कुठून, आणि पलीकडच्या तुमच्या रानात जायला तुम्हाला तीच वापरता येईल का, हे आजच नकाशावर काढा आणि दस्तात शब्दात लिहा. पुढची भांडणं टाकीवरून होत नाहीत, वाटेवरून होतात.

४ गुंठे म्हटले की तुकडेबंदी आलीच. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, त्याखालचा तुकडा परवानगीशिवाय दस्ताने देता येत नाही. शिवाय पंचायत शेतकरी नाही, त्यामुळे कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. सार्वजनिक कामासाठी कायद्यात वाट ठेवलेली आहे, पण ती लेखी आदेशाने उघडते. तहसील कार्यालयात एकच अर्ज करा. त्यात टाकीच्या मंजुरीचं पत्र, पंचायतीचा ठराव आणि मोजणीचा नकाशा जोडा, दोन्ही परवानग्या त्यातच मागा आणि पोच घ्या. पंचायतीला यात पुढे करा. योजना त्यांची आहे, खेटे त्यांनीही घालावेत.

ठराव नव्याने घ्यायला सांगा. आधीच्या ठरावात गट नंबर आहे, क्षेत्र नाही, आणि पंचायतीच्या वतीने दस्तावर सही कुणी करायची तेही नाही. नव्यात गट, क्षेत्र, नकाशाचा उल्लेख, प्रयोजन, मुद्रांक कोण भरणार, आणि सरपंचांना सहीचा अधिकार, एवढं यायला हवं.

बक्षीसपत्र सगळे हिस्सेदार मिळून एकच करा. आधी खातेफोड (सातबाऱ्यावर हिस्से वेगळे करणं), मग दान, असं करायची गरज नाही. सगळ्यांनी एका दस्तावर सही केली की ठरलेला तुकडा अख्खा जातो. ‘पिण्याच्या पाण्याची टाकी व त्याला लागणारी वाट’ असं प्रयोजन लिहा. मनात आलं की परत घेऊ, अशी अट घालू नका, तशा अटीने बक्षीसच निरर्थक होतं. मात्र अमुक वर्षांत टाकी झालीच नाही तर जमीन परत, अशी तुमच्या मर्जीवर न टेकलेली अट मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसते. टाकीची मंजुरी कागदावरच राहिलेली गावं मी पाहिली आहेत, म्हणून ती अट लिहाच असं सांगेन.

मुंबईच्या आतेभावंडांना एकाच दिवशी रजा मिळेल असं नाही. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला यावा लागतो, आणि वेगवेगळ्या दिवशी सह्या झाल्या असतील तर प्रत्येक सहीपासून चार महिने धरता येतात. तरी मी म्हणेन, एकच दिवस धरा आणि आत्याला गाडी पाठवा. दुय्यम निबंधकाकडे फोटो आणि अंगठ्याचे ठसे द्यायचे असतात, म्हाताऱ्या माणसांचे ठसे यंत्रावर लवकर उमटत नाहीत, सकाळीच जा.

दस्त झाला की सूची क्रमांक २ ची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घ्या आणि पंचायतीला द्या. नोंदणी कार्यालयाकडून तलाठ्याकडे कळवलं जातं, तरी पाठपुरावा करा. नमुना ९ ची, म्हणजे फेरफाराची, नोटीस निघेल, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतील आणि त्या ४ गुंठ्यांचा उतारा ग्रामपंचायतीच्या नावे निघेल. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाईल, सुनावणी होईल. सगळ्यांच्या सह्या असल्या की हरकत घ्यायला कुणी उरत नाही, आणि उरलाच तर त्याच्या हातात काही नसतं. नवा उतारा आल्यावर ग्रामसेवकांनी स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद घ्यावी. ते ज्या दप्तराचं म्हणत होते ते हेच, फक्त त्याची पाळी शेवटी येते.

पत्रात एक ओळ होती, शेजारी गायरान असताना आमचीच जागा का. गायरान पंचायतीच्या ताब्यात दिसतं, पण ती सरकारची जमीन, आणि तिचा वापर बदलायचा अधिकार पंचायतीला नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी राखण्याबद्दल कडक आदेश दिल्यापासून तो रस्ता आणखी लांबचा झालाय, आणि तो झालाच पाहिजे होता. शिवाय तुम्हीच लिहिलंय की ते गायरान खोलगट भागात आहे. तिथून पाणी वाडीला चढणार नाही.

कंत्राटदार या महिन्यात खोदाई सुरू करायची घाई करतोय. वारसनोंदीचा अर्ज आणि मोजणीची फी या आठवड्यात भरा, पोचपावत्या पंचायतीला दाखवा आणि तोवर त्याला पाइपलाइनचं खालचं काम घ्यायला सांगा. ते रस्त्याच्या कडेने आहे, त्याला तुमच्या गटाची गरज नाही. आणि रविवारी आत्याकडे जाऊन या.